आरडीके पॉझिटिव्ह, पण कशामुळे? आश्रमशाळेतील एका हिवतापाचे प्रकरण

हे प्रकरण गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण भागातल्या, छत्तीसगडच्या सीमेजवळच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रातले आहे. मुलीची, शाळेची आणि केंद्राची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. स्लाइडवर काय दिसले, ते मात्र दिसले तसेच लिहिले आहे. ही स्लाइड तालुक्याच्या रुग्णालयातल्या प्रयोगशाळेत माझ्या मायक्रोस्कोपखाली आली, त्यामुळे प्रकरणाचा मधला भाग मी पाहिलेला आहे. आधीचा आणि नंतरचा भाग नोंदवह्यांमधून आणि संबंधितांशी बोलून कळलेला आहे.

पार्श्वभूमी

मुलगी बारा वर्षांची, माडिया कुटुंबातली, शासकीय आश्रमशाळेत सहावीला. वजन २९ किलो. जूनअखेरीस शाळा सुरू झाल्यावर ती वसतिगृहात आली आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात थंडी वाजून तापाने फणफणली. अधीक्षिकाबाईंनी आरोग्य सेवकाला निरोप धाडला. त्याने आरडीके केली, म्हणजे बोटातल्या रक्ताच्या थेंबावर पंधरा-वीस मिनिटांत निकाल देणारी पट्टी. तिच्यावर हिवतापाच्या परजीवीच्या दोन जातींसाठी, फॅल्सिपेरम आणि व्हायव्हॅक्ससाठी, वेगळ्या जागा असतात. त्यांतली फॅल्सिपेरमची रेघ ठळक उठली. नियमाप्रमाणे त्याने स्लाइडही काढली आणि ९ ते १४ वयोगटाचे लाल एसीटी पाकीट, म्हणजे आर्टेमिसिनिन गटाचे औषध आणि जोडीचे दुसरे औषध, सुरू केले. त्यात तीन दिवस आर्टेसुनेट, पहिल्या दिवशी सोबत सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन आणि दुसऱ्या दिवशी प्रायमाक्विनचा एक डोस असतो.

पहिल्या दिवसाच्या गोळ्या आरोग्य सेवकाने समोर बसून दिल्या. पुढच्या दोन दिवसांच्या अधीक्षिकेकडे सोपवल्या. पावसाळ्यात एका आरोग्य सेवकाकडे किती गावे असतात आणि त्यांतले किती नाले भरलेले असतात हे ज्याला ठाऊक आहे, तो त्याला दोष देणार नाही.

ताप तिसऱ्या दिवशी उतरला. स्लाइड आठवड्याने केंद्रात तपासली गेली आणि नोंदवहीत शेरा पडला: 'पीएफ पॉझिटिव्ह', म्हणजे फॅल्सिपेरम आहे. उपचार तोवर झालेलेच होते, तेव्हा त्या शेऱ्याकडे कोणी पुन्हा पाहिले नाही.

अडचण

तेविसाव्या दिवशी मुलगी पुन्हा तापाने अंथरुणावर. अधीक्षिकेच्या वहीत तापाच्या नोंदी होत्या: सोमवारी दुपारी हुडहुडी, मंगळवारी बरी, वर्गात बसली, बुधवारी पुन्हा हुडहुडी. आरोग्य सेवकाने परत आरडीके केली. फॅल्सिपेरमची रेघ पुन्हा ठळक. व्हायव्हॅक्सच्या जागी काही दिसले नाही. अर्ध्या तासाने पट्टी टाकून देताना तिथे पुसट सावलीसारखे काहीतरी त्याला वाटले, पण ठरलेली वेळ उलटून गेल्यावर उमटलेली रेघ धरायची नसते, म्हणून त्याने ती धरली नाही. त्याने बरोबर केले.

मुलीला केंद्रात आणले. ताप १०२.४, प्लीहा बरगडीखाली तीन सेंटिमीटर लागत होती, हिमोग्लोबिन ८.६. शुद्ध पूर्ण, झटके नाहीत, धाप नाही, पाणी पीत होती, लघवीचा रंग नेहमीचा. म्हणजे गंभीर हिवतापाची लक्षणे नव्हती. पण चार आठवड्यांच्या आत तोच आजार परत, तोही पूर्ण उपचारानंतर, असे कागदावर दिसत होते. केंद्रात एकच शब्द फिरू लागला: रेझिस्टन्स, म्हणजे परजीवी औषधाला दाद देईनासा झाला.

हा शब्द उगाच आलेला नव्हता. ईशान्येकडच्या राज्यांत सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिनचा परिणाम घटल्यामुळे २०१३ मध्ये तिथे एसीटीतले जोडीचे औषध बदलून आर्टेमेथर-ल्युमेफॅन्ट्रिन, म्हणजे एएल, आणावे लागले होते. सीमावर्ती भागात काम करणाऱ्या प्रत्येक वैद्यकीय अधिकाऱ्याच्या डोक्यात ही गोष्ट असते.

वैद्यकीय अधिकारी मॅडम मात्र आधी अधीक्षिकाबाईंशी बोलल्या. "गोळ्या तर सगळ्या दिल्या जी," बाई म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशीची तेवढी उलटून पडली होती. सकाळी काही खाल्लं नव्हतं ना पोरीनं."

"किती वेळानं उलटली?"

"लगेच. गोळी घेऊन ताट धुवायला गेली तेवढ्यात."

गोळी घेतल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर डोस पुन्हा द्यायचा असतो. तो दिला गेला नव्हता, कारण पाकिटात जास्तीची गोळी नसते आणि हे बाईंना कोणी सांगितलेलेही नव्हते. म्हणजे आर्टेसुनेटचा एक डोस आणि प्रायमाक्विनचा एकमेव डोस, दोन्ही वाया गेलेले. या एका माहितीने प्रकरणाची दिशा बदलली. उपचार फसला असेल तर तो औषधाच्या दोषाने की डोस पोटात न राहिल्याने, हा प्रश्न आता उभा राहिला. आणि मुळात हा फसलेला उपचारच आहे का, हा त्याहून आधीचा प्रश्न.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सर्वांत सोपा होता: आरडीके पॉझिटिव्ह आहे, लाल पाकीट पुन्हा द्या. आरोग्य सेवकाचा कल तिकडे होता. अडचण अशी की फॅल्सिपेरमची रेघ ज्या प्रथिनामुळे उठते ते एचआरपी-२ परजीवी मेल्यानंतरही रक्तात दोन-चार आठवडे, कधी त्याहून जास्त रेंगाळते. तेविसाव्या दिवशीची ठळक रेघ आजचा आजार दाखवते की मागचा, हे पट्टी सांगू शकत नाही. शिवाय २८ दिवसांच्या आत आजार उलटलाच असेल, तर तेच औषध पुन्हा देऊ नये, जोडीचे औषध बदलावे, असा संकेत आहे.

दुसरा पर्याय, औषध निकामी ठरले असे धरून मुलीला जिल्हा रुग्णालयात पाठवणे. रस्ता जवळजवळ दिवसभराचा, मध्ये दोन ठिकाणी पाणी. गंभीर लक्षणे असती तर आर्टेसुनेटचे इंजेक्शन टोचून लगेच निघायलाच हवे होते. ती नव्हती.

तिसरा पर्याय, ताप हिवतापाचा नाहीच असे समजून टायफॉइड, स्क्रब टायफस यांकडे वळणे. जंगलभागात पावसाळ्यात स्क्रब टायफस विसरून चालत नाही. मॅडमनी अंगावर काळी खपली शोधली, काखेत आणि कानामागेसुद्धा. सापडली नाही. दिवसाआड येणारी हुडहुडी आणि वाढलेली प्लीहा पाहता हिवताप बाजूला सारण्याची त्यांची तयारी नव्हती.

चौथा पर्याय स्लाइडचा. केंद्रात मायक्रोस्कोप होता, तंत्रज्ञही होता. तासाभरात त्याने निकाल आणला.

"मॅडम, पीएफच आहे. क्रिसेंट दिसतायत."

"आणि रिंग?"

"रिंग... क्रिसेंट दिसले म्हणून पुढे बघितलं नाही. बघतो."

माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच होता. 'पीएफ पॉझिटिव्ह' हा शेरा रिंगलाही लागू पडतो आणि क्रिसेंटलाही, पण दोघांचा अर्थ अगदी वेगळा. रिंग म्हणजे लाल पेशीत वाढणारा, ताप आणणारा परजीवी. क्रिसेंट म्हणजे चंद्रकोरीच्या आकाराचे गॅमेटोसाइट, परजीवीची नर-मादी रूपे. ती डासाच्या पोटात जायची वाट पाहत रक्तात फिरतात, माणसाला ताप आणत नाहीत. आजार सुरू झाल्यावर आठ-दहा दिवसांनी ती दिसू लागतात, आणि आर्टेसुनेटने रिंग मेल्या तरी पक्व कोरी काही आठवडे टिकून राहतात. त्यांना मारायलाच तर प्रायमाक्विनचा तो एक डोस असतो, जो या मुलीच्या पोटात राहिला नव्हता. म्हणजे नुसत्या कोरी दिसल्या तर त्याचा अर्थ उपचार फसला असा होत नाही.

जुन्या हिवताप नोंदवह्यांमध्ये हा फरक लिहिण्याची सोय होती: पीएफ-आर (रिंग), पीएफ-जी (गॅमेटोसाइट), पीएफ-आरजी (दोन्ही). जुने तंत्रज्ञ आजही तसेच लिहितात. आरडीके आल्यानंतर पॉझिटिव्ह-निगेटिव्हची सवय लागली आणि स्लाइडचा निकालही तसाच लिहिला जाऊ लागला.

तंत्रज्ञाने परत बसून पाहिले. जाड थेंबात आणखी काही परजीवी होते, पण आकार वेडेवाकडे, कोणाचे ते त्याला ठरवता येईना. त्याने एक शंकाही काढली: कोरी म्हणतोय त्या सिकलसेलच्या पेशी तर नसतील? गडचिरोलीत ही शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पण सिकल पेशी गुलाबी असते, आत काही नसते. गॅमेटोसाइटच्या मध्यभागी काळपट रंगद्रव्याचे दाणे गोळा झालेले असतात. शाळेतल्या तपासणीत मुलीची सिकलसेल चाचणी निगेटिव्ह होती, तेव्हा तो मुद्दा तिथेच मिटला.

जात ओळखण्यासाठी काचेवरची पातळ पसरण पाहावी, तर ती पार विरघळलेली. तिथे लाल पेशीच उरल्या नव्हत्या. मॅडमनी दोन नव्या स्लाइड काढायला लावल्या, एक रंगवलेली आणि एक न रंगवता, आणि दोन्ही मोटरसायकलने आमच्याकडे पाठवल्या. सोबत चिठ्ठी: 'रिंग आहेत का? व्हायव्हॅक्स आहे का? आज उपचार सुरू करायचा आहे.' इतकी नेमकी चिठ्ठी प्रयोगशाळेत फार क्वचित येते.

स्लाइडवर काय होते

ज्यांनी हे काम केलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एकाच काचेवर दोन गोष्टी करतात. एका बाजूला रक्ताचा जाड थेंब, साधारण एक सेंटिमीटर रुंद, इतपत जाड की ओला असताना खाली वर्तमानपत्र धरले तर अक्षरे जेमतेम वाचता यावीत. दुसऱ्या बाजूला पातळ पसरण, जिभेसारखी, टोकाला पेशींचा एकच थर. जाड थेंबात रक्त जास्त, म्हणून परजीवी आहे की नाही ते तिथे कळते. त्याच्या लाल पेशी रंगवताना पाण्याने फुटतात आणि फुटायलाच हव्यात. पातळ पसरणीतल्या पेशी शाबूत राहाव्या लागतात, कारण जात ओळखायची ती पेशीच्या आकारावरून आणि तिच्यातल्या खुणांवरून. म्हणून पातळ भाग आधी मिथेनॉलमध्ये पक्का करतात आणि जाड थेंबाला मिथेनॉल लागू देत नाहीत.

केंद्रातून आलेल्या रंगवलेल्या स्लाइडवर पातळ भाग याही वेळी विरघळलेला होता. नंतर कळले की मिथेनॉलची बाटली दिवसभर उघडी राहायची. पावसाळ्यात ते हवेतले पाणी ओढून घेते, आणि पाणी मिसळलेले मिथेनॉल पेशी नीट धरत नाही. रंग जेएसबीचा होता, जसवंत सिंग आणि भट्टाचार्जी यांनी १९४४ साली बसवलेला. मिनिटभरात स्लाइड रंगते, रोज ढिगाने स्लाइड करायच्या तर त्याला तोड नाही. पण तो नुसत्या बोअरच्या पाण्याने धुतलेला होता, आणि निळा-लाल रंग ज्या बारकाईने उठायला हवा तसा उठला नव्हता.

न रंगवलेली स्लाइड मी ताज्या मिथेनॉलमध्ये पक्की केली आणि गिम्साने रंगवली, ७.२ पीएचच्या बफर पाण्यात, तीन टक्के, पाऊण तास. हा ७.२ चा आकडा महत्त्वाचा आहे. पाणी आम्लाकडे झुकले तर व्हायव्हॅक्सची सर्वांत भरवशाची खूण, शुफ्नरचे ठिपके, उठतच नाहीत. वाट पाहायला वेळ कमी होता, चिठ्ठीत 'आज' लिहिलेले होते. पण दहा टक्क्यांचा दहा मिनिटांचा रंग घाईत गाळ धरतो आणि नेमका तोच परजीवी भासतो, म्हणून मी पाऊण तास दिला.

जाड थेंबात दोन प्रकार स्पष्ट होते. एक कोरी, रंगद्रव्य मध्यभागी. दुसरे मोठे, पसरट, तुकड्या-तुकड्यांचे परजीवी. मग पातळ पसरणीच्या टोकाकडे गेलो. तिथे एका फील्डमध्ये, म्हणजे भिंगातून एका वेळी दिसणाऱ्या जागेत, चित्र पूर्ण होते: आजूबाजूच्या पेशींपेक्षा दीडपट मोठी, फिकट पडलेली लाल पेशी, तिच्यात अमिबासारखा हातपाय पसरलेला ट्रोफोझॉइट, म्हणजे वाढीच्या अवस्थेतला परजीवी, आणि सगळ्या पेशीभर बारीक गुलाबी ठिपके. व्हायव्हॅक्स. फॅल्सिपेरममध्ये पेशी फुगत नाही, आणि अर्धवट वाढलेली रूपे बाहेरच्या रक्तात सहसा दिसतही नाहीत. ती अवयवांच्या बारीक रक्तवाहिन्यांना चिकटून बसतात.

मोजणी केली. २०० पांढऱ्या पेशींमागे व्हायव्हॅक्सचे ३६ परजीवी. पांढऱ्या पेशी मायक्रोलिटरला ८,००० धरल्या तर १,४४० परजीवी. कोरी वेगळ्या मोजल्या, २०० पेशींमागे दोन. त्या परजीवींच्या संख्येत धरायच्या नसतात, कारण तो आकडा उपचार लागू पडतो आहे की नाही हे पाहण्यासाठी असतो.

मग फॅल्सिपेरमच्या रिंग शोधल्या. एक परजीवी सापडला की हात थांबतो, ही मायक्रोस्कोपवरची जुनी सवय. दुसरी जात नाही हे म्हणण्यासाठी निदान आणखी शंभर फील्ड पाहावी लागतात. मी दोनशे पाहिली. बारीक, दोन ठिपक्यांची किंवा पेशीच्या काठाला चिकटलेली अशी खात्रीची रिंग एकही नव्हती. तीन कोवळ्या रिंग मात्र अशा होत्या की त्या कोणाच्या हे छातीठोकपणे सांगता येईना. अगदी कोवळ्या वयात दोन्ही जाती सारख्याच दिसतात.

मी लिहिले: 'पीव्ही ट्रोफोझॉइट, १,४४०. पीएफ-जी आहे. पीएफ-आर खात्रीने आढळले नाही, पण नाहीच असे एका स्लाइडवरून म्हणता येत नाही. दर १२ तासांनी आणखी दोनदा स्लाइड पाहावी.' आणि फोन लावला.

गंमत अशी की १८८० साली अल्जीरियातल्या कॉन्स्टंटीनच्या लष्करी रुग्णालयात लाव्हेरानने माणसाच्या रक्तात हिवतापाचा परजीवी पहिल्यांदा ओळखला, तो या कोरींच्या रूपातच. रंगाशिवाय, साध्या थेंबात. या आजारात डोळ्यांना सर्वांत सहज सापडणारी गोष्ट तीच, आणि म्हणूनच तिच्यामुळे बाकीचे राहून जाते.

निर्णय

निदान आता असे होते: ताप व्हायव्हॅक्सचा, कोरी मागच्या फॅल्सिपेरमच्या उरलेल्या, आणि फॅल्सिपेरम पुन्हा डोके वर काढतो आहे ही शंका छोटी पण शिल्लक.

फोनवर मॅडमशी थोडी वादावादी झाली. माझे म्हणणे, रिंग नाहीत तर व्हायव्हॅक्सचे उपचार द्या: तीन दिवस क्लोरोक्विन, चौदा दिवस प्रायमाक्विन. त्यांचे म्हणणे, एक डोस उलटलेला आहे, तीन रिंगबद्दल तुम्हीच बोलायला तयार नाही, आणि क्लोरोक्विनवर फॅल्सिपेरमचा भरवसा नाही. पुढच्या दोन स्लाइड येईपर्यंत हात बांधून बसणे त्यांना मान्य नव्हते, आणि चुकलोच तर कोणत्या बाजूला चुकलेले परवडेल ते पाहा, असे त्या म्हणाल्या. माझ्याकडे त्याला उत्तर नव्हते. मुलगी त्यांच्या समोर होती, माझ्यासमोर काच होती.

त्यांनी दोन्ही जातींवर चालणारे आणि मागच्यापेक्षा वेगळे औषध निवडले: एएल. २५ ते ३५ किलोच्या मुलाला तीन गोळ्या, दिवसातून दोनदा, तीन दिवस. दुसरा डोस पहिल्यानंतर आठ तासांनी. औषध केंद्रात नव्हते. आमच्या रुग्णालयाच्या साठ्यातून त्याच मोटरसायकलने परत गेले. एएल स्निग्ध अन्नासोबत चांगले शोषले जाते, म्हणून वसतिगृहातून दूध आणि शेंगदाण्याची चिक्की मागवली. मागची उपाशीपोटीची गोळी सर्वांच्या लक्षात होती. सहाही डोस केंद्रात, नर्सताईंसमोर.

प्रायमाक्विन मात्र त्या दिवशी सुरू केले नाही. व्हायव्हॅक्स यकृतात सुप्तावस्थेत दडून बसतो आणि तिथे पोचणारे औषध प्रायमाक्विनच. ते न देता सोडले असते तर काही आठवड्यांनी हेच सगळे पुन्हा. पण जी-६-पीडी या विकराची कमतरता असलेल्या माणसात याच औषधाने लाल पेशी फुटतात. आदिवासी समाजांत ही कमतरता आढळते, आणि ८.६ हिमोग्लोबिनवर तो धोका पत्करण्यासारखा नव्हता. रक्ताचा नमुना आमच्याकडे आला, निकाल सामान्य आला, आणि तिसऱ्या दिवसापासून ०.२५ मिलिग्रॅम प्रति किलो या हिशेबाने रोज साडेसात मिलिग्रॅमची एक गोळी, चौदा दिवस, जेवणानंतर. लघवी काळपट झाली तर गोळी थांबवून लगेच कळवायचे, हे अधीक्षिकेला आणि मुलीलाही सांगितले.

परिणाम

ताप दुसऱ्या दिवशी गेला. बारा आणि चोवीस तासांच्या स्लाइडमध्ये व्हायव्हॅक्स घटत गेला, फॅल्सिपेरमची रिंग एकदाही दिसली नाही. तिसऱ्या दिवशी नुसत्या कोरी. सातव्या दिवशी शंभर फील्डमध्ये एक. चौदाव्या दिवशी काहीच नाही. अठ्ठाविसाव्या दिवशीही स्लाइड निगेटिव्ह, हिमोग्लोबिन १०.१.

रेझिस्टन्सचा विषय कागदावर येण्याआधीच संपला.

प्रायमाक्विन मात्र अडखळले. नवव्या गोळीनंतर पोळा आला आणि वडील मुलीला घरी न्यायला आले. सणाला पोरगी घरी नको म्हणणे शक्य नव्हते, म्हणायचेही नव्हते. उरलेल्या गोळ्या गावच्या आशाताईंकडे दिल्या. गावात रेंज नाही, म्हणून रोज गोळी दिल्यावर घराच्या कुडावर कोळशाची एक रेघ मारायची असे आशाताईंनी मुलीच्या आईशी माडियात बोलून ठरवले. मुलगी परत आली तेव्हा आशाताईंच्या चिठ्ठीवर पाच खुणा होत्या.

वसतिगृहाचे काय, हा प्रश्न उशिरा विचारला गेला. कोरी रक्तात घेऊन ही मुलगी तीन आठवडे सत्तर मुलींच्या हॉलमध्ये झोपत होती. ताप असलेल्या-नसलेल्या सगळ्या मुलींच्या स्लाइड काढल्या, तेव्हा आणखी दोघी सापडल्या, त्यांतली एक बिनतापाची. मच्छरदाण्या होत्या, पण दोन मजली लोखंडी खाटांच्या खालच्या खणाला त्या बांधायला काही नव्हते, म्हणून घडी करून उशाला घेतलेल्या. सुतळी आणि खिळे यांवर ते काम एका दुपारी उरकले.

वेगळे काय करता आले असते

पहिल्या तापाची स्लाइड जपून ठेवलेली होती, ती मी मागवून पाहिली. फॅल्सिपेरमच्या रिंग भरपूर. जाड थेंबात दोन-तीन मोठी रूपे व्हायव्हॅक्ससारखी वाटतात, पण पातळ पसरण तिथेही विरघळलेली, त्यामुळे पहिल्याच वेळी दोन्ही जाती होत्या की व्हायव्हॅक्स यकृतातून नंतर उठला, हे आता ठरवता येत नाही. मुलीला मागच्या वर्षी गावी 'थंडीताप' आला होता एवढेच आई सांगते. पहिल्या वेळी पातळ पसरण नीट असती आणि मिश्र संसर्ग ओळखला गेला असता, तर चौदा दिवसांचे प्रायमाक्विन तेव्हाच सुरू झाले असते आणि दुसरा ताप कदाचित आलाच नसता. दोन-अडीचशे मिलिलिटर चांगल्या मिथेनॉलची ही किंमत.

स्लाइड आठवड्याने तपासली जाणे हेही बदलायला हवे. दमट हवेत जाड थेंब दोन-चार दिवसांत आपोआप पक्का होऊ लागतो, मग रंगवताना पेशी फुटत नाहीत आणि सगळे तपकिरी दिसते. आरडीकेमुळे उपचार त्याच दिवशी सुरू होतो हे खरे, आणि दुर्गम भागात आरडीकेला पर्याय नाही हेही खरे. पण त्यामुळे स्लाइड ही उपचारानंतरची औपचारिकता होऊन बसली आहे. निदान महिन्याभरात पुन्हा ताप आलेल्या रुग्णाची आरडीके न करता थेट स्लाइड, त्याच दिवशी, एवढा नियम त्या केंद्राने आता लावून घेतला आहे. फॉर्मवर आर, जी, आरजी लिहायचे चौकोनही रबरी शिक्क्याने वाढवले आहेत.

दुसऱ्या दिवसाच्या गोळीवर अजून तोडगा नाही. अधीक्षिकांना 'उलटी झाली तर कळवा' असे सांगून झाले आहे, पण कळवल्यावर बदली गोळी कुठून आणायची? मॅडमनी प्रत्येक आश्रमशाळेत एक जादा पाकीट ठेवायची मागणी वर पाठवली आहे. साठ्याच्या हिशेबात उघडलेले पाकीट कोणत्या रुग्णाच्या नावावर टाकायचे, या मुद्द्यावर ती सध्या अडली आहे.